बोरूपासून रिफिलीपर्यंत : आपल्या दप्तरातल्या पेनाचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख हवेत, असा निरोप ग्रुपवर आला आणि अर्ध्या तासात सगळे चांगले विषय संपले. सहल गेली, स्नेहसंमेलन गेलं, मधल्या सुट्टीतले डबे गेले, गणिताच्या बाईंचा धाकसुद्धा दोघांनी वाटून घेतला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, त्यामुळे माझ्या वाट्याला उरला तो इतिहास. शाळेत या विषयात मी कशीबशी तरले, हे सर विसरले असतील अशी आशा आहे. विसरले नसतील तर त्यांनी हा लेख लाल पेनाने तपासावा, माझी हरकत नाही. कारण लेख पेनाबद्दलच आहे.

विषय सुचला तो माळा आवरताना. पत्र्याच्या जुन्या कंपासपेटीत कर्कटक, गुण्या, खोडरबराचा दगड झालेला तुकडा आणि एक मरून रंगाचं शाईपेन निघालं. पेन गरम पाण्यात भिजवलं, तीस वर्षांची वाळलेली शाई हळूहळू सुटली. नवी शाई भरून लिहायला बसले तर अक्षर उमटेना. निब कागदावर अडखळत होती. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा आठवलं, की हे पेन माझं नाहीच. माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं आहे. ती डावखुरी. आणि ही निब तिच्या डाव्या हातासाठी घासून घेतलेली आहे.

ती निब कोणी घासली, का घासली आणि त्यात आपल्या इतिहासाच्या सरांचा हात कसा होता, हे सांगायचं तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

बोरू

आठवीत असताना सरांनी एकदा वर्गात त्यांच्या घरचा एक मोडी कागद आणला होता, आठवतो का? पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. सोबत एक वेताच्या काडीसारखी दिसणारी काडी आणि चाकू. त्या तासाला त्यांनी धडा शिकवला नाही, बोरू कापून दाखवला.

बोरू म्हणजे पोकळ, टणक काडी. तिचं टोक तिरकं तासायचं, मधे बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक एका फटक्यात आडवं छाटायचं. त्या शेवटच्या फटक्याचा कोन हे सगळं कौशल्य. शाई काजळी आणि डिंकाची. लिहिलेलं लवकर वाळावं म्हणून वरून बारीक वाळू टाकायची. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं वळवत जात. पेशवाईचा सगळा हिशेब, सगळी वतनपत्रं, सगळी भांडणं या काडीने लिहिली गेली. पुढे मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारातून मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं, तरी शाळांतून मोडी १९५० च्या दशकापर्यंत शिकवत. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना ती येत होती. कारकुनीला आपण आजही खर्डेघाशी म्हणतो आणि नुसत्या लिहिणाऱ्याला बोरूबहाद्दर, ते याच काळाचं देणं.

त्या दिवशी सर म्हणाले होते, की देवनागरीचा बोरू इंग्रजी सुलेखनाच्या निबेच्या उलट बाजूला तिरका कापतात. म्हणून आपल्या अक्षरात जाड रेघ जिथे पडते, तिथे इंग्रजीत बारीक पडते. मग त्यांनी बोरू वर्गात फिरवला. प्रत्येकाने ‘श्री’ लिहून पाहायचं. बोरू माझ्या शेजारणीकडे आला आणि तिने सवयीने उजवा हात पुढे केला. पाचवीपासून तिला तेच शिकवलं गेलं होतं. ‘खायच्या हाताने लिही’ हे वाक्य त्या काळी घरोघरी आणि शाळाशाळांतून ऐकू यायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. ती वर्गात उजव्या हाताने लिहायची, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं यायचं आणि मार्क कापले जायचे. घरी डाव्या हाताने लिहायची तेव्हा अक्षर बरं, पण निब कागद फाडायची आणि ओल्या शाईवरून हात फिरून सगळी ओळ पुसली जायची. तिच्या डाव्या हाताची कड कायम निळी असायची.

सरांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. बोरू परत घेतला, टोक उलट्या कोनात छाटलं आणि तिच्या डाव्या हातात दिला. तिने ‘श्री’ लिहिला. तो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आला.

मग सर म्हणाले, “बोरू हाताप्रमाणे कापतात. हात बोरूप्रमाणे कापत नाहीत.”

आम्ही हसलो, कारण ते वाक्य विनोदी वाटलं. ती हसली नाही.

टाक आणि दौत

बोरूची गोष्ट अशी, की तो ज्याचा त्याने कापायचा. लिहिणाऱ्याला आपलं हत्यार बनवता यायलाच हवं. एकोणिसाव्या शतकात हे बदललं. पोलादाच्या पत्र्यातून ठशाने निबा कापायचे कारखाने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला उभे राहिले आणि जगातल्या निबांचा फार मोठा वाटा त्या एका शहरातून येऊ लागला. लाकडी दांडी, पुढे पोलादी निब : हाच आपला टाक. निब झिजली की फेकायची, नवी लावायची. कापायची कला संपली, निवडायची सुरू झाली. नंबर सांगायचा आणि दुकानदाराने पुडी बांधून द्यायची.

टाक कारकुनांचा आणि शाळकरी पोरांचा. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आगगाडी आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत. त्या रुळांनी पुढे आपल्या गावांना मुंबईच्या कचेऱ्यांशी जोडलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. डोंबिवली त्यामानाने उशिरा वाढली, पण वाढली ती चाकरमान्यांचं गाव म्हणूनच. आपल्यातल्या बहुतेकांचे बाबा सकाळच्या लोकलला लटकून कुठल्या ना कुठल्या फायलीत सही करायला जायचे. शर्टाच्या खिशाला पेन आणि खिशाच्या तळाला निळा डाग, ही त्यांची ओळख.

टाकाची एक खूण आपल्या शाळेतही होती. जुन्या इमारतीतल्या लांब बाकांना पुढच्या बाजूला एक गोल भोक असायचं. त्यात आपण कागदाचे बोळे आणि चिंचोके कोंबायचो. ते भोक दौत ठेवायला होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

शाई आपली, पेन आपलं

आता जरा अभिमानाचं प्रकरण. टाक परदेशी, निबा परदेशी, तशी शाईही बरीचशी परदेशी होती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतर स्वदेशीचं वारं जोरात होतं. १९३१ मध्ये गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाबरोबर शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. नाव ‘हॉर्स ब्रँड’. वडी पाण्यात विरघळवायची की शाई तयार. बाटलीचं वजन नाही, फुटायची भीती नाही, खेड्यातल्या शाळेलाही परवडणारी. मग ‘कॅमल’ शाई आली. घोड्यानंतर उंट! त्यातूनच उभी राहिली कॅमलिन कंपनी, जिच्या कंपासपेट्या, खडू आणि रंग यांच्याशिवाय आपलं बालपण सांगताच येणार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांनी आपल्या बोटांना विचारावं. दिगंबररावांचे चिरंजीव सुभाष दांडेकर यांनी शाईच्या कंपनीला रंगांची कंपनी केलं. ते २०२४ मध्ये गेले तेव्हा आपल्या ग्रुपवर कोणीतरी उंटाचं चित्र टाकलं होतं. खाली एकही शब्द नव्हता आणि गरजही नव्हती. २०११ पासून कंपनीची मालकी जपानच्या कोकुयोकडे आहे, तरी दुकानात आपण आजही ‘कॅमलची शाई’ असंच मागतो.

शाईनंतर पेनाचा नंबर. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी शाईपेन घडवलं आणि ते कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून आभार मानले आणि बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय आहे असं कळवलं. गांधीजी स्वतः बोरूचे चाहते, त्यामुळे या पावतीचं मोल जास्त. रत्नम पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून टणक केलेल्या रबराची, लेथवर एकेक करून घडवलेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी पेनांना बरे दिवस आले. मुंबईत १९५१ पासून एअरमेल कंपनी वॅलिटी नावाची पेनं बनवू लागली. पण मनात घर करून बसलं ते शांघायचं ‘हिरो’. सोनेरी टोपण, आणि निबेचं फक्त टोक बाहेर डोकावणारं. ते अमेरिकन ‘पार्कर ५१’ या १९४१ च्या पेनावर बेतलेलं होतं, हे आपल्याला कुठलं माहीत? वर्गात ज्याच्याकडे हिरो, तो खरोखरच हिरो.

हातासाठी पेन

पाचवीत पेन्सिल सुटून पेन हातात आलं, तो दिवस बहुतेकांना आठवत असेल. फडके रोडवरच्या दुकानात काचेच्या कपाटासमोर उभं राहायचं. काका तीन-चार पेनं काढून द्यायचे, आपण कागदाच्या कपट्यावर ‘श्री’, मग आपलं नाव, मग एक वेलांटीची नक्षी. घरून बजावलेलं असायचं : निब बघ, रंग नको बघू. आपण रंगच बघायचो.

आणि घरी आल्यावर खरं काम सुरू व्हायचं, कारण नवं पेन कधीच नीट चालत नसे. शाईपेनाचं तत्त्व साधं आहे. लुई वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच युक्तीचं : शाई खाली येते तेवढीच हवा वर गेली पाहिजे. निबेखालची ती काळी पन्हळ, जिला आपण जीभ म्हणायचो, हे काम करते. जीभ मागे सरकली की शाई कमी, पुढे गेली की डाग. निबेची चीर आवळली की कोरडं, सैल झाली की पाणचट. मग आपले उद्योग : चिरेतून ब्लेडचं पान फिरवणं, जीभ टाचणीने साफ करणं, आट्यांना व्हॅसलिन लावणं, निब पाटीच्या मागच्या बाजूला घासणं. अर्धी पेनं यात कायमची मेली. पण उरलेली अर्धी आपली झाली. दुसऱ्याला पेन द्यायचं नाही, निब बिघडते, असं आपण सांगायचो, त्यात कंजूषपणा होता तसं तथ्यही होतं. निब लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनानुसार झिजत जाते. सहा महिन्यांनी ती एकाच माणसाची होते.

बोरूच्या त्या तासानंतर सरांनी माझ्या मैत्रिणीला एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला : कल्याण स्टेशनजवळ बसणारे एक पेनदुरुस्तीवाले. शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या बाबांबरोबर आम्ही दोघी गेलो. लाकडी खोक्यात खण, खणांत निबा, एका कोपऱ्यात शाईने काळा झालेला फडका. त्यांनी तिला आधी लिहायला सांगितलं. उजव्या हाताने लिहिलेलं पाहून मान हलवली. म्हणाले, “आता खरं लिही.”

तिने बाबांकडे पाहिलं आणि पेन डाव्या हातात घेतलं.

मला आज जे कळतं ते त्यांना तेव्हा माहीत होतं. उजवा हात निब ओढत नेतो, डावा ढकलत नेतो. ढकललेली निब कागदात रुतते. त्यांनी निबेचा तो रुतणारा कोपरा पाण्याच्या पॉलिश पेपरवर इंग्रजी आठचा आकडा काढत काढत गोल केला, मधे मधे तिला लिहायला लावलं, पुन्हा घासलं. जीभ जरा मागे सरकवली, म्हणजे शाई कमी उतरेल आणि लवकर वाळेल. पाचेक वेळा हे झालं. शेवटच्या वेळी तिने पूर्ण ओळ लिहिली आणि हात उचलून पाहिला. कड कोरी होती.

त्यानंतर तिच्या बाबांनी शाळेत येऊन सांगितलं, की ही डाव्या हातानेच लिहील. सर शेजारी उभे होते. विषय तिथे संपला. दहावीची बोर्डाची परीक्षा तिने याच पेनाने दिली. १९९५ च्या मार्चमध्ये शेवटचा पेपर झाल्यावर, परीक्षाकेंद्राच्या फाटकात, आम्ही पेनं बदलली. तिचं मी घेतलं, माझं तिने. मैत्रीची निशाणी म्हणून. एकमेकींच्या उपयोगाची ती नव्हती हे दोघींनाही ठाऊक होतं.

सगळ्यांसाठी पेन

आता बॉलपेनाबद्दल, कारण त्याला आपण उगाच नावं ठेवतो. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरो याने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात बॉलपेन विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत साडेबारा डॉलर होती आणि लोकांनी रांगा लावल्या. १९५० मध्ये फ्रान्सच्या बिकने ते इतकं स्वस्त केलं की संपलं की फेकून द्यावं. आपल्याकडे ते बरीच वर्षं संशयित होतं. अक्षर बिघडतं म्हणून शाळेत बंदी. वरच्या वर्गात परवानगी मिळाली आणि पांढऱ्या अंगाचं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स प्रत्येक खिशात आलं. पाठोपाठ नव्वदच्या दशकात जेल पेन. जेल शाई मूळची जपानची, १९८४ ची.

बॉलपेनाने अक्षर बिघडवलं असेल, पण एक भेद मिटवला. शाईपेनाच्या काळात वर्गात कोणाकडे काय आहे ते लगेच दिसायचं. कोणाकडे हिरो, कोणाकडे थोरल्या भावाचं, टोपणाला दोरा गुंडाळलेलं, गळणारं. शाईची बाटली संपली म्हणून गृहपाठ न केलेली मुलंही आपल्यात होती, ते तेव्हा बोलले नाहीत. रेनॉल्ड्स सगळ्यांचं सारखं होतं. डावखुऱ्यांनाही ते सोयीचं, गोळी कुठल्याही दिशेला फिरते. आणखी दहा वर्षांनी जन्मली असती तर माझ्या मैत्रिणीला कल्याणला जावंच लागलं नसतं.

पण गेलंही त्याचबरोबर काहीतरी. रिफिलीत आपल्याला करण्यासारखं काही नाही. चालली तर चालली, नाहीतर कचऱ्यात. बोरू आपण कापत होतो, निब निवडत आणि घासत होतो, रिफील फक्त विकत घेतो. वस्तू आपल्या हाताला जुळवून घेता येते, ही खात्रीच त्यात हळूहळू पुसली जाते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, दिवसभर कीबोर्ड. लोक तक्रार घेऊन येतात आणि आमच्यातलं कोणीतरी पटकन म्हणतं, वापरणाऱ्यालाच समजत नाही. तेव्हा मला सरांचं वाक्य आठवतं, आणि निम्म्या वेळा चूक आमच्या बोरूची निघते. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ अक्षरात मराठी वाचलं, तो फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते, हा मला योगायोग वाटत नाही.

शाईपेन संपलंय असंही नाही. राजमहेंद्रीला पेनं अजून घडतात, पुण्यातही हाताने पेन घडवून देणारे आहेत : अंग कसलं, रंग कोणता, निब किती जाड, सगळं विचारून. मीही रोजचं म्हणून एक साधं देशी शाईपेन वापरते. निब मध्यम, स्वतः घासलेली, शाई निळी. घ्यायचं झालं तर माझा सल्ला एवढाच : काचेमागचं महाग पेन बघू नका. हातात घ्या, अर्धं पान लिहा, बोटं आवळली गेली तर ठेवून द्या. आणि पहिल्या दिवशी चाललं नाही म्हणून टाकू नका.

स्नेहमेळाव्याच्या यादीत मैत्रिणीचं नाव पाहिलं. ती येतेय. मरून पेन धुऊन, पुसून तयार ठेवलं आहे. निबेला मी हात लावलेला नाही. माझं पेन तिने जपलं आहे की नाही ठाऊक नाही, नसलं तरी चालेल. त्या दिवशी मी एक शाईची बाटली आणि थोडे कोरे कागद घेऊन दाराजवळच्या बाकावर बसेन. ज्यांच्याकडे जुनं पेन असेल त्यांनी आणावं, बिघडलेलं असेल तर नक्की आणावं. सरांनाही आग्रहाचं आमंत्रण आहे. पहिला ‘श्री’ त्यांचा, दुसरा तिचा.